वरमाईचा रुसवा

“वहिनी, वरमाय जानवशात नाही!”

तारावन्सं चहाची किटली हातात घेऊन माजघराच्या दारात उभ्या होत्या. किटलीतला चहा त्यांच्या पदरावर हिंदकळत होता आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. बाहेर नुकतं कुठं फटफटत होतं. मी वैजूच्या हळदीची तयारी करत बसले होते. तशीच उठले.

“नाही म्हणजे? न्हाणीघरात असतील.”

“न्हाणीघर पाहिलं. मागचं आवार पाहिलं. आडात वाकून पाहिलं. अंथरुणाची घडी घालून ठेवलीय आणि चपला तिथंच आहेत. अनवाणी निघून गेलीय बाई! मी काल रात्रीच म्हटलं होतं, ही रुसली.”

वैजू म्हणजे वैजयंती, आमची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न आमच्या फलटणलाच होतं. मुलाकडचे कुर्डूकर सोलापूरहून आदल्या दिवशी आले होते आणि त्यांचा जानवसा आम्ही पलीकडच्या आळीतल्या शाळेत दिला होता. मुहूर्त दुपारच्या आत होता. आणि मुलाची आई, मनोरमाबाई, पहाटे उठून कुणाला न सांगता नाहीशी झाली होती. आमच्या तोंडचं पाणी पळायला आणखी काय हवं होतं?

तारावन्सं माझ्या थोरल्या नणंद. घराण्यातलं एकही लग्न त्यांच्या देखरेखीशिवाय झालं नव्हतं आणि वरमाय का रुसते, कधी रुसते, तो रुसवा कसा काढायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजच्या मुलींना हे सांगितलं तर हसतील, पण त्या काळी वरमाईनं रुसायचं आणि मुलीच्या आईबापानं तिची मनधरणी करायची, हा लग्नातला ठरलेला खेळ असे. बहुतेक ठिकाणी तो खेळच राही. कुठं कुठं मात्र भर मांडवातून वऱ्हाड परत फिरलेलंही आम्ही पाहिलं होतं.

आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झालं, पानं वाढली, आणि मनोरमाबाईंनी जिलेबीला हात लावला नाही. मी आग्रह केला. वन्संनी केला. शेवटी आमचे हे स्वतः ताट घेऊन वाढायला गेले.

“विहीणबाई, एक तरी. माझ्या हातची म्हणून घ्या.”

त्यांनी पानावर आडवा हात धरला. “नको म्हणजे नको, वकीलसाहेब.”

ह्यांचा हात तसाच राहिला. पंगतीत सगळ्यांनी पाहिलं. आमच्या ह्यांना जो माणूस जिलेबीला नको म्हणतो तो माणूस रागावलेलाच असणार, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. कारण त्यांनी स्वतः जन्मात कधी नको म्हटलं नव्हतं. फलटणच्या कोर्टात त्यांची वकिली चांगली चाले. खेड्यापाड्यातले पक्षकार येताना गूळ आणत, काकवी आणत, लोणकढं तूप आणत, आणि हे त्यातलं काही वाया जाऊ देत नसत. काळा कोट दर पावसाळ्यानंतर शिंप्याकडं उसवायला जाई. डॉक्टरांनी वजनाचं आणि रक्तदाबाचं बजावलं, तेव्हा ह्यांनी त्यांचीच उलटतपासणी घेतली. “डॉक्टर, माझे आजोबा तूप खात होते हे तुम्हाला मान्य आहे? ते नव्वदी ओलांडून गेले हेही मान्य आहे?” डॉक्टर बिचारे गप्प बसले. मी मात्र आतल्या आत कुढायची. जिना चढताना ह्यांचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू येई.

तर त्या पहाटे हे सदरा अडकवत बाहेर आले आणि म्हणाले, “कुर्डूकरांच्या घरचं कुणी काही सांगतंय का?”

“मुलाचे वडील अजून झोपलेत,” वन्सं म्हणाल्या. “त्यांची धाकटी आहे ना, सुनंदा, तिला विचारलं. तर मान खाली घालून म्हणते, आई येईल परत. म्हणजे पाणी कुठं मुरतंय ते बघा!”

तेवढ्यात दारात आमचा गवळी धोंडिबा येऊन थांबला. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, “एक बाई दिसली की मला. गोरीशी, डोईवर पदर. कालव्याच्या अंगानं झपाझपा चालली व्हती. म्या म्हटलं रामराम, तर वळूनबी बघितलं न्हाई.”

कालवा म्हटल्यावर वन्संनी किटली खाली ठेवली आणि कपाळाला हात लावून त्या ह्यांच्याकडं वळल्या. “अगंबाई! जिवाचं काही बरंवाईट केलं म्हणजे? नाना, आधी जा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. वहिनी, तुझी ती जांभळी पैठणी काढ.”

ती पैठणी माझ्या भावानं मला लेकीच्या लग्नात नेसायला म्हणून पाठवली होती. घडीही मोडली नव्हती. मी क्षणभर थबकले, खोटं कशाला बोलू. मग वैजूकडं पाहिलं. ती आतल्या दाराला टेकून उभी होती, डोळ्यांत पाणी भरलेलं. मी पेटी उघडली.

आम्ही दोघंच निघालो. गावात बभ्रा नको म्हणून मागच्या बोळानं गेलो. हे पुढं, काखेत पैठणीचं बोचकं, आणि मी मागं. कालव्यावर आलो तर दूरवर, उसाच्या फडाच्या कडेनं, एक पाठमोरी आकृती दिसली. चालण्याचा वेग असा की घरातून पळून चाललेली बाईच.

“विहीणबाई!” ह्यांनी हाक मारली. “अहो विहीणबाई, थांबा!”

कालव्याला पाणी सोडलेलं होतं. त्याच्या आवाजात हाक विरून गेली. हे पळायला लागले. मी म्हणत होते, “अहो, हळू. अहो, पळू नका.” पण लेकीचं लग्न मोडायला निघालेली बाई समोर दिसत असताना कोण हळू चालेल? बोचकं छातीशी धरून हे धावत होते, धोतराचा सोगा सुटला होता, आणि आम्ही जेवढे पुढं जात होतो तेवढी ती आकृती आणखी पुढं जात होती.

कालव्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी हे थांबले. थांबले म्हणजे कठड्यावर बसलेच. मी जवळ गेले तर चेहरा राखेसारखा. कपाळावरून घाम निथळत होता. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. एक हात छातीवर होता.

लग्न, मुहूर्त, वरमाय, सगळं एका क्षणात पुसलं गेलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “विहीणबाई!”

ही हाक कशी कोण जाणे, त्यांना ऐकू गेली. त्या वळल्या आणि जशा चालत होत्या त्याच वेगानं परत आल्या. जवळ आल्यावर पहिल्यांदा माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. नऊवारी लुगड्याखाली पांढरे कापडी बूट होते, शाळेतली मुलं कवायतीला घालतात तसे.

“काय झालं? छातीत दुखतंय?” त्यांनी ह्यांना विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सदऱ्याची वरची बटणं सोडली. “बोलू नका. मागं टेका. विहीणबाई, पदर भिजवून आणा.”

मी कालव्यात पदर भिजवून आणला. त्यांनी ह्यांची मान पुसली, तोंड पुसलं, मनगट धरून बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं ह्यांच्या ओठांवर रंग आला.

“दुखत नाही,” हे म्हणाले. “दम लागला नुसता. धावायची सवय राहिली नाही.”

“पण धावत कुठं निघाला होता?”

आम्ही नवराबायको एकमेकांकडं पाहायला लागलो. शेवटी मीच म्हटलं, “तुम्ही रुसून निघालात ना?”

“मी? रुसून?”

“काल जिलेबी घेतली नाहीत. आज चपला टाकून निघून आलात. आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या, विहीणबाई. ही पैठणी आणलीय.”

मनोरमाबाईंनी बोचक्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडं पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबून माझ्या शेजारी बसल्या.

“ठेवा ती पैठणी. तुमची दिसते, तुम्हीच नेसा. मी रोज पहाटे चालते, विहीणबाई. मला साखरेचा आजार आहे. मध्यंतरी देवापुढं बसले असताना चक्कर येऊन पडले होते. डॉक्टर म्हणाले, गोड बंद करा, भात कमी करा, ज्वारीची भाकरी नि पालेभाजी खा आणि चालत राहा. पहिल्यांदा आळीच्या टोकापर्यंत जाऊन रडत परत यायची. आता पाय थांबत नाहीत. लग्न आलं म्हणून खंड पडू द्यायचा नाही, एवढंच.”

“मग काल सांगायचं नाही का हो?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. तिथं ऐकायला ऊस तेवढा होता. “सुनंदाचं व्हायचंय अजून. आईला साखर आहे म्हटलं की लोक मुलीकडं कसं बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात आम्हा चौघांशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्हीही कुठं बोलू नका.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हेही मान हलवून हो म्हणाले.

“आता तुमचं सांगा, वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या. “असा दम नेहमी लागतो?”

“छे! आज धावलो म्हणून.”

“जिना चढतानासुद्धा लागतो,” मी म्हटलं. हे माझ्याकडं रागानं बघायला लागले.

मनोरमाबाई म्हणाल्या, “माझा थोरला भाऊ असाच कट्ट्यावर बसला होता. बाजारातून आंबे घेऊन येताना. दम लागला नुसता, म्हणाला. परत उठला नाही. त्या वर्षी मंगळागौरीला मी माहेरी गेले, घर तेच होतं, वहिनी तीच होती, पण मला तिथं दोन रात्री काढवल्या नाहीत.”

हे म्हणाले, “विहीणबाई, आज शुभ दिवस आहे. हे बोलणं नको,” आणि उठून सोगा सावरायला लागले. डॉक्टरांना जसं गप्प केलं होतं तसंच त्यांनाही केलं. माझी खात्री झाली, ह्या माणसाला कुणीच काही सांगू शकणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीत त्यांना बसवलं आणि आम्ही घरी आलो. वन्संनी तिघांना एकत्र पाहिलं आणि रुसवा पैठणीनं काढला असं सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या अंगावर थोड्या वेळानं तीच पैठणी दिसली, तेव्हा त्या जरा बुचकळ्यात पडल्या.

लग्न लागलं. दुपारी विहिणीची पंगत बसली. मांडवाच्या मधोमध मनोरमाबाईंचा पाट, भोवती रांगोळी, चांदीचं ताट, समया. मुलीच्या आईनं पहिला घास विहिणीला भरवायचा आणि मग बाकीच्या पंगतीनं हात घालायचा, ही रीत. सगळे भुकेले होते. मी वरणभात कालवला, घास उचलला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

त्यांनी तोंड बाजूला केलं.

“मी रुसलेय,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

पलीकडं बसलेले त्यांचे यजमान गोंधळून म्हणाले, “अहो, हे काय मध्येच?” तारावन्सं माझ्या कानाशी लागल्या, “आता स्कूटर मागणार बघ.” माझा घास हातातच राहिला. सकाळी ज्या बाईनं पदर भिजवून आणायला लावला, तीच ही का, असं माझ्या मनात आलं.

हे पुढं आले. वकील असले तरी त्या वेळी चेहरा आरोपीसारखा झाला होता. हात जोडून म्हणाले, “विहीणबाई, काय हवं ते मागा. माझ्या आवाक्यात असेल तर नाही म्हणणार नाही.”

“शब्द दिलात?”

“एवढ्या लोकांसमोर दिला.”

“मग ऐका. तुम्ही रोज पहाटे उठून कालव्याच्या कडेनं चालायचं. ऊन, पाऊस, कोर्ट, सुतक काही सांगायचं नाही. ताटातला भात निम्मा करायचा. पक्षकारांचा गूळ नि तूप दारातून परत पाठवायचं. आणि गोड सणालाच, तेही एकदा वाढून. हे कबूल असेल तर मी घास घेते. नाहीतर ही उठले.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग पुरुषांच्या पंगतीत हशा पिकला. हेही हसले, पण मी ओळखलं, आता ते वकिली करणार.

“विहीणबाई, मागणं कसं असावं? मागणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडेल असं. यात तुमच्या पदरात काय पडलं?”

“माझ्या सुनेचं माहेर,” त्या म्हणाल्या. “आज मी तुमची मुलगी घेऊन चाललेय. ती दिवाळीला येईल तेव्हा दारात तुम्ही उभे हवेत. एवढंच मागतेय.”

मांडवातला हशा ओसरला. वैजू माझ्या मागं उभी होती, तिचा हुंदका मला ऐकू आला. ह्यांनी मात्र अजून हार मानली नव्हती. खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, “सांगायला सोपं असतं. ज्याला आवडतं त्याला विचारावं, सोडणं म्हणजे काय ते.”

मनोरमाबाईंनी एकदा सुनंदाकडं पाहिलं. मी मान हलवून त्यांना नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

“मला जिलेबी फार आवडते,” त्या म्हणाल्या. “काल तुम्ही वाढायला आलात, तेव्हा वासानंच जीव कासावीस झाला होता. मला साखरेचा आजार आहे, वकीलसाहेब. म्हणून मी नको म्हटलं. मी सोडलंय, म्हणून तुम्हाला सांगतेय.”

सोलापूर-फलटणचे सगळे नातेवाईक तिथं बसलेले. बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झालीच. सुनंदा पानाकडं बघत राहिली होती, तिचे कान लाल झाले होते. ज्या गोष्टीसाठी ही बाई आपल्या माणसांपासूनही लपून चालत होती, ती तिनं मांडवात सांगून टाकली, आणि तीही कुणासाठी, तर नुकतीच ओळख झालेल्या माझ्या नवऱ्यासाठी.

ह्यांनी पंचा पुढं घेऊन डोळे पुसले आणि म्हणाले, “कबूल. विहीणबाई, आता घास घ्या. पंगत खोळंबलीय.”

त्यांनी घास घेतला. भरवताना माझ्या हातून अर्धा भात रांगोळीवर सांडला.

पुढं पुष्कळ वर्षं गेली. सुनंदाला मंगळवेढ्याचं चांगलं स्थळ मिळालं. मुलाची आत्या त्याच पंगतीत बसली होती, आणि अशी आई असलेली मुलगी आपल्या घरात हवी, म्हणून तिनंच मागणी घातली होती. ह्यांचा कोट शिंप्याकडं जायचा तो आता आत घ्यायला. अधूनमधून हे चोरून गूळ खात आणि सोलापूरहून विहीणबाई आल्या की लहान मुलासारखे कबूल करत. विहीणबाई आधी गेल्या. त्यांच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा हे पहाटे उठून चालून आले, चहा न घेता देवापुढं बसले. नातवाच्या लग्नात अक्षता टाकून मग कधीतरी हेही गेले, शांतपणे, म्हातारपणानं. त्या सगळ्या वर्षांना मी विहीणबाईंनी दिलेली वर्षं म्हणते. दुसरं काय म्हणू?

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती लग्नानंतरची पहिली सकाळ. वैजूला निरोप दिलेला, घरभर पाहुणे आडवे पडलेले. हे माझ्या उशाशी येऊन उभे राहिले.

“अगं, ऊठ. एकट्यानं जायला लाज वाटते.”

आम्ही बाहेर पडलो. सवयीप्रमाणं मी चार पावलं मागं होते. लग्न झाल्यापासून देवळात, बाजारात, कुणाकडं हळदीकुंकवाला, मी अशीच मागं चालत आले होते आणि त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंही नव्हतं. कालव्यावर आल्यावर हे दमले, हळू झाले, आणि मी त्यांच्या बरोबरीला पोचले. मी मागं राहायला म्हणून थांबले, तर हेही थांबले.

“अशी शेजारनं चल ना,” हे म्हणाले. “बोलायला बरं पडतं.”

मग पाण्याकडं बघत म्हणाले, “वैजू पोचली असेल ना गं एव्हाना?”

“पोचली असेल.”

“घरात उजाडताना तिचा आवाज नाही, हे सोसवेना मला. म्हणून निघालो. विहीणबाईंना सांगू नकोस, त्यांना वाटू दे शब्द पाळला म्हणून.” आणि हे रडायला लागले. इतक्या वर्षांत मी ह्यांना माझ्यासमोर असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. उसाच्या कडेनं, भर रस्त्यात, दोघंही.

थोड्या वेळानं मी विचारलं, “दमलात. परत फिरायचं का?”

त्यांनी पुढं रस्त्याकडं पाहिलं. “नको,” म्हणाले. “तू आहेस तर अजून थोडं जाऊ.”